शर्त, शर्यत आणि शर्थ

वाचकहो, वर्षभर या पानावर आपली दर आठवड्याला गाठ पडते, ती बहुधा शब्दांच्या निमित्ताने. एखाद्या शब्दाची कुळकथा, एखाद्या म्हणीची खोड, असा आमचा किरकोळ व्यापार. दिवाळी अंकात संपादक जागा थोडी ऐसपैस देतात आणि तिच्याबरोबर एक सूचनाही देतात : "काहीतरी आनंदाचे लिहा." सूचना योग्यच आहे. फराळाच्या ताटात कोणी कारल्याची भाजी वाढीत नाही. परंतु यंदा मजजवळ आहे ती एका साफ फसलेल्या शनिवार-रविवारची हकीकत. ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि शेवटपर्यंत ऐकलीत तर ती अगदीच कडू आहे असे आपणही म्हणणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. नाहीतर आमच्या पानाला चुकल्यासारखे वाटायचे. मनासारखे न झाले म्हणजे जे होते त्याला मराठीत काय थोडे शब्द आहेत? निराशा हा सगळ्यांत मोठा आणि म्हणूनच सगळ्यांत पोकळ. अपेक्षाभंग हा कचेरीतला शब्द. तो इस्त्री करून आलेला असतो. विरस होतो तो जेवणाच्या पंगतीत किंवा नाटकाच्या तिसऱ्या अंकात. पचका होतो तो चारचौघांदेखत, आणि त्यात दुसऱ्यांना मौज वाटते. पण हिरमोड म्हटले की एखादा कोवळा हीर मोडल्याचा बारीकसा आवाज कानी येतो. मी सांगतो आहे ती गोष्ट हिरमोडाची आहे. तीत खरोखरीच काहीतरी मोडले, ते कोणते हे ओघाने येईलच.

दुसरा शब्द शर्यत. हा आणि शर्त ही एकाच घरची भावंडे. मूळ घर अरबी. शर्त म्हणजे अट. 'अटी व शर्ती' हा जोडशब्द आपण प्रत्येक कागदाच्या तळाशी न वाचता सही करण्यासाठी राखून ठेवला आहे. आपण 'शर्थीचे प्रयत्न' म्हणतो तेव्हा त्याच घरातले तिसरे भावंड भेटते. शर्त, शर्यत आणि शर्थ. ही तिन्ही भावंडे एकाच दिवशी एकाच डोंगरावर मला भेटली, म्हणून हा प्रपंच.

मी साताऱ्यास एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, सांगलीकडे दिलेली आहे. मिरज तालुक्यात दाजींची चार एकर जमीन. त्यात हळद आणि ऊस. धाकटी मुलगी, म्हणजे माझी भाची, सांगलीच्या एका कॉलेजात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एस. टी.चा पास काढून दिलेला असतानाही ही पोर गावाहून कॉलेजपर्यंत चौदा किलोमीटर सायकलने जाई. एस. टी. आपल्याला उशिरा पोचवते, असे तिचे म्हणणे. पुढे खेळाच्या शिक्षकांनी तिला एका रस्त्यावरच्या शर्यतीत उतरवले, तेथे ती दुसरी आली, आणि तेथेच कोणीतरी तिच्या कानात डोंगरावर चालवायच्या सायकलचे खूळ भरून दिले.

आता सांगली आणि डोंगर यांचा संबंध काय? कृष्णामाई महाबळेश्वरी निघते, वाईवरून येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीला पोचेपर्यंत तिची सगळी घाई ओसरलेली असते. तिच्या काठची माणसेही तशीच सपाटीवरची. सांगलीत चढ शोधायचा झाला तर आयर्विन पुलावर जावे लागते, असे आम्ही सातारकर थट्टेने म्हणतो. १९२९ सालचा तो पूल बिचारा महापूर मोजण्याच्या कामी येतो. घाट म्हणून त्याचा उपयोग नाही. परंतु भाचीबाईंनी दंडोबाचा डोंगर गाठला. पहाटे उठून मिरजेच्या पुढे जायचे, दंडोबाची वाट तीनदा चढायची, तीनदा उतरायची आणि दहाच्या तासाला हजर व्हायचे. हा क्रम आठ महिने चालला.

यासाठी साधी सायकल चालत नाही. रुंद आणि खाचदार टायर, पुढच्या चाकाला धक्के गिळणारा काटा, तबकडीचे ब्रेक आणि मागे दात्यांची उतरंड, असा तो जनावरासारखा प्रकार. किंमत अडुसष्ट हजार. ते पैसे आले हळदीच्या पट्टीतून. सांगलीची हळद म्हणजे काय हे मी सांगायला नको; २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन हळदीला मिळते, पट्टी शेतकऱ्याला मिळते, आणि ती दर वर्षी मनासारखी असतेच असे नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावायची, आठ-नऊ महिने सांभाळायची, काढायची, शिजवायची, वाळवायची, मग सौद्याला न्यायची. एवढ्या वाटेने आलेल्या रुपयाचे काय करायचे याबद्दल घरात बरीच मतांतरे होती. दाजींना त्या पैशात ठिबक बसवायचे होते.

मी भाचीच्या बाजूने थोडी वकिली केली. म्हटले, "दाजी, सायकलीला हसू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्याच दुकानाने. तिथून पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० साली तुमच्या जिल्ह्यात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली."

दाजींनी शांतपणे तंबाखू मळली. म्हणाले, "पाव्हणं, त्यांनी सायकली इकल्या. आमच्या पोरीला इकत घ्यायची हाय."

या युक्तिवादाला एम. ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. तरीही सायकल आली. आक्काने काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मात्र दाजींनी एक शर्त घातली. सप्टेंबरात साताऱ्यास डोंगरी सायकलींची शर्यत व्हायची होती. तीत पहिल्या तिघींना पुढच्या निवडीसाठी पाठवणार, असे पत्रकात छापले होते. "पयल्या तिनात आलीस तर सायकल तुझी. न्हाई आलीस तर सायकल इकायची आन् ठिबक बसवायचं." पोरीने मान डोलावली. हा करार माझ्यासमोर झाला. कागद केला नाही. त्या घरात कागदाची पद्धत नाही.

हा डोंगरी सायकलीचा खेळ मुळात आला कोठून, याची मी दरम्यान चौकशी केली. तो अमेरिकेतला, आणि फार जुना नाही. कॅलिफोर्नियात टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही तरुण मंडळी १९३०-४० च्या सुमाराच्या जड, जुनाट सायकली घेऊन मातीच्या उतारावरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. त्या उताराचे नाव 'रीपॅक'. कारण मजेदार आहे. या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. उतार संपेपर्यंत ते इतके तापत की आतले वंगण जळून जाई आणि नवे भरावे लागे. पुन्हा वंगण भरणे म्हणजे रीपॅक. पहिली शर्यत अ‍ॅलन बाँड्स नावाच्या गृहस्थाने जिंकली. बाकीचे वाटेत आपटले, तो आपटला नाही, अशी तिची कथा सांगतात. त्या मंडळींतल्याच जो ब्रीझ याने पुढल्या वर्षी या कामासाठी खास सांगाडा बनवला. १९९० साली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. म्हणजे उनाड पोरांच्या टवाळीपासून ऑलिंपिकपर्यंत पुरी वीस वर्षे. आपल्याकडे एखाद्या गावाला पूल मिळायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

असो. शनिवारी सकाळी सायकल वाकळेत गुंडाळून, टेंपोत घालून बापलेक साताऱ्यास आमच्या दारी उतरले. चहा घेऊन आम्ही तिघे डोंगरावर गेलो. जागेचे नाव सांगत नाही. शहराच्या पश्चिमेला उतार काही कमी नाहीत. साडेचार किलोमीटरची एक फेरी, मुलींना अशा तीन. भाची ती वाट सायकल न घेता दोनदा पायी फिरली. वर जांभ्याचा सडा, मध्ये तांबडी माती, खाली काळ्या पाषाणाच्या पायऱ्या. एके ठिकाणी वाट दुभंगत होती : डावीकडे खरी वाट, उजवीकडे थेट खाली मैदानात जाणारी गाडीवाट. तेथे तिने थांबून एका निवडुंगाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "मामा, ही खूण लक्षात ठेवायची. फीत काय, वाऱ्यानं पण उडते." पोरीच्या अंगात शेतकऱ्याचा संशय आहे, हे पाहून मला बरे वाटले.

दुपारी तीन वाजता क्रमांक वाटणार होते. ते सात वाजता वाटले. आठशे रुपये शुल्कात एक बनियन मिळाले. ते सर्वांना एकाच मापाचे होते, आणि ते माप बहुधा प्रमुख पाहुण्यांचे असावे. नियमांचे पत्रक मात्र छान होते. वाटेत बाहेरच्या माणसाने स्पर्धकाला हात लावायचा नाही. सायकल मोडली तर आपली आपण दुरुस्त करायची. नाही झाली तर खांद्यावर घेऊन चालत आले तरी चालेल, पण शेवटची रेघ सायकलीसकटच ओलांडली पाहिजे. दाजींनी हे पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

रात्री पाऊस झाला. पहाटे सहाला आम्ही मैदानावर होतो. शर्यत सातची. सात वाजले, आठ वाजले. पाहुणे यायचे होते. पाहुणे नऊ चाळीसला आले. नंतर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, नंतर मनोगते. ग्रामीण भागात रत्ने कशी दडलेली असतात हे तीन वक्त्यांनी सांगितले, आणि ती रत्ने समोर चिखलात उभी राहून पाय हलवीत होती. मग मुलांचे गट सुटले. मुलींचा गट सर्वांत शेवटी, बारा वाजून दहा मिनिटांनी सुटला. मांडव दोनपर्यंतच सांगितलेला असल्याकारणाने तीन फेऱ्यांच्या दोन करण्यात आल्या. आठ महिने तीन फेऱ्यांची तयारी केलेल्या पोरीला हे सुटायच्या आधी पाच मिनिटे कळले. ती काही बोलली नाही. तिने फक्त पाण्याची एक बाटली सायकलवरून काढून आक्काच्या पिशवीत टाकली.

नऊ मुली होत्या. मी आणि दाजी शेवटच्या रेघेपासून दीड किलोमीटर अलीकडे एका वळणावर, जांभळीच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलो. पहिल्या फेरीत तेथून आठ मुली गेल्या, एकीचे चाक बसले होते. आमची भाची तिसरी होती. दाजींनी खिशातून वही काढली. उसाच्या खेपा आणि मजुरांचे रोज लिहायची ती लांबोडी वही. तीत त्यांनी तीन असा आकडा टाकला.

दुसऱ्या फेरीत मात्र बराच वेळ कोणी येईना. पुढच्या दोघी यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत. मग मागून एक मुलगी आली, तिच्यामागे आणखी एक. आणि मग बऱ्याच अंतराने आमची पोर दिसली. ती सायकलवर नव्हती. सायकल तिच्या खांद्यावर होती.

झाले होते ते असे. दुभंगलेल्या वाटेवरची फीत नाहीशी झाली होती. वाऱ्याने नेली की शेळ्यांनी खाल्ली, देव जाणे. पहिल्या दोघी सरळ उजवीकडे गाडीवाटेने खाली गेल्या. त्यांचा दोष नाही; फीत नसेल तर माणूस रुंद वाटेनेच जातो. भाचीने निवडुंग ओळखला आणि ती डावीकडे वळली. म्हणजे त्या क्षणी खऱ्या वाटेवर सर्वांच्या पुढे तीच होती. पण तांबडा चिखल टायर आणि सांगाडा यांच्या मधे असा काही बसला की मागचे चाक फिरेना. आणि जोर लावला तेव्हा गिअरचा सांगाडा एका दगडाला अडून त्याचा हँगर मोडला.

हा हँगर म्हणजे बोटभर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा. मागच्या चाकाजवळ गिअरचे यंत्र त्याला टांगलेले असते. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात. मोठा धक्का बसला तर आधी त्याने मोडावे आणि सबंध सांगाडा वाचवावा, ही त्याची नेमणूक. साखळी तोडून आखूड करायचे हत्यार जवळ असते तर एकाच दात्यावर ओढून नेता आले असते. ते हत्यार तिच्यापाशी नव्हते. मागून आलेल्या त्या दोघी तिला ओलांडून गेल्या.

वळणावर एक कॉलेजचा पोरगा आपली सायकल घेऊन उभा होता. त्याने ती पुढे केली. "ताई, ही घ्या, जावा." ती त्याच्याकडे बघून हसली आणि मान हलवून पुढे झाली. तेरा-चौदा किलोची सायकल, वर तेवढाच वाटणारा चिखल. चार पावले पळायची, दहा पावले चालायची. दाजी फितीखालून वाकून पुढे झाले आणि त्यांनी सायकलीच्या मागल्या चाकाला हात घातला.

"आबा, हात लावू नका. बाद होईन."

दाजींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग ते फितीच्या बाहेर आले आणि तिच्या बरोबरीने चालू लागले. मधे दहा हातांचे अंतर. ती फितीच्या आत, हे फितीच्या बाहेर. दीड किलोमीटर ते असे चालले. वाटेत दाजी एक अक्षर बोलले नाहीत. पोर दोनदा पडली. दोन्ही वेळा ते थांबले, आणि दोन्ही वेळा त्यांनी आपले हात पाठीमागे एकात एक धरून ठेवले. मी त्यांच्या मागून चालत होतो, म्हणून ते हात मला दिसले.

मैदानावर आलो तेव्हा हवा भरून उभी केलेली ती कमान आडवी झाली होती आणि दोन पोरे तिच्यावर लोळून राहिलेली हवा काढीत होती. घड्याळवाले जेवायला गेले होते. जमिनीवर फक्कीची रेघ तेवढी शिल्लक होती, तीही अर्धी पावसाने पुसलेली. भाची सायकल खांद्यावर घेऊन त्या रेघेवरून पलीकडे गेली. सायकल खाली ठेवली आणि कोणाकडे तरी बघायचे म्हणून इकडेतिकडे बघू लागली. बघण्यासारखे कोणी नव्हते. दाजींनी मोबाइल काढून वेळ पाहिली आणि वहीत लिहिली : १.२२.

पुढे जे झाले त्याला इंग्रजी राज्यापासून चालत आलेली भाषा आहे. पालकांची तक्रार झाली. दोघी गाडीवाटेने आल्या, त्यांच्यामागून त्यांच्या चाकोरीने आणखी तिघी आल्या. मग पहिली कोण, यावर वाद झाला. 'निकाल राखून ठेवण्यात येत आहे' असे जाहीर झाले. तीन दिवसांनी मोबाइलवर दोन ओळी आल्या : मुलींच्या गटाची शर्यत रद्द समजण्यात यावी, शुल्क परत मिळणार नाही.

हरणे निराळे आणि हे निराळे. हरलेल्या माणसाला निदान आपण हरलो हे ठाऊक असते. त्याला रडता येते, चिडता येते, पुढच्या वेळचे बेत करता येतात. येथे काहीच ठरले नाही. आठ महिन्यांच्या पहाटा, अडुसष्ट हजार रुपये आणि दीड किलोमीटरची ती चाल, यांची बेरीज कोणी मांडलीच नाही. हिरमोड म्हणतात तो हा.

मोठ्या ठिकाणीही असे घडते, ही माहिती अशा वेळी कामी येत नाही; तरी मास्तरकीच्या सवयीने मी ती भाचीला दिली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २६ जुलै २०२१ रोजी, मॅथ्यू व्हॅन डर पूल हा नामांकित डच स्वार पहिल्याच फेरीत एका खडकावरून तोंडघशी पडला. सरावाच्या वेळी त्या खडकापुढे उतरायला फळी लावलेली होती. शर्यतीच्या दिवशी ती काढणार हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो नंतर म्हणाला. त्याचे सुवर्णपदक एका फळीपाशी राहिले. आणि फ्रान्सची पॉलिन फेराँ-प्रेव्हो पाहा. लंडनला २०१२ साली मागे पडली, रिओला २०१६ साली शर्यत अर्ध्यावर सोडली, टोकियोत दहावी आली. आणि चौथ्या खेपेला, २०२४ साली पॅरिसजवळच्या टेकडीवर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एकटी पुढे निघून सुवर्णपदक घेऊन आली.

भाचीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "मामा, तिला चारी वेळा निकाल तरी लागला."

यावर मी काय बोलणार!

आता राहिली दाजींची शर्त. शब्दशः पाहिले तर ती पुरी झाली नाही. पहिल्या तिनात आल्याचा कागद नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मोडलीही नाही. कारण रद्द झालेल्या शर्यतीत कोणी हरत नाही. माझे गणित आणखी वेगळे होते. त्या जांभळीखालून दुसऱ्या फेरीत एकूण तीनच मुली गेल्या, आमची भाची धरून. म्हणजे सगळी खरी वाट चालून आलेल्या फक्त तिघी, आणि ती तिसरी. मी हे दाजींना मोठ्या उत्साहाने मांडून दाखवले. दाजी म्हणाले, "माझ्या वहीतबी त्येच हाय. पर पाव्हणं, आपून मोजून काय हुतंय? काटा त्यांचा."

टेंपोत सायकल चढवताना चिखल वाळला होता. दाजींनी तो हाताने खरवडून काढला. बाहेर हात लावायची मनाई आता उठली होती, म्हणून असेल, त्यांनी ते काम बराच वेळ केले. आक्काने विचारले, "मग काय ठरलं? इकायची का?" भाची टेंपोच्या फळकुटावर पाठ करून बसली होती. तिने मागे पाहिले नाही.

दाजी म्हणाले, "सौद्याला माल न्हेला. वजनच केलं न्हाई त्यांनी. म्हून माल वाईट ठरतो काय? माघारी आणायचा, वाळवायचा, फुडच्या सौद्याला न्यायचा." आणि मग पोरीकडे न बघता, "फुडला सौदा कवा हाय?"

"डिसेंबरात, आबा."

"कुठं?"

"पुण्याकडं."

"बरं."

एवढ्यावर ते संभाषण संपले. ठिबकचे काय झाले म्हणाल तर ते एक वर्ष पुढे गेले; दाजी अजून पाटानेच पाणी देतात आणि त्याबद्दल अधूनमधून कुरकुरतात. शर्त कायम आहे, तीत सूट मिळालेली नाही : पहिल्या तिनात यायचे, आणि या खेपेला काटा लागला पाहिजे. भाचीची दंडोबावरची पहाट पुन्हा सुरू झाली आहे. साखळी तोडायचे हत्यार तिने आता सीटखालच्या पिशवीत कायमचे ठेवले आहे.

गेल्या आठवड्यात दाजी हळदीच्या कामासाठी सांगलीच्या मार्केट यार्डात गेले होते. येताना सायकलच्या दुकानात शिरले. मोडलेला तुकडा रुमालात बांधून नेला होता, तो काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्ये पायजे." दुकानदाराने सातशे रुपये सांगितले. बोटभर तुकड्याचे सातशे ऐकून दाजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, असे भाचीने मला फोनवर सांगितले. मग त्यांनी दोन घेतले.